उजवं म्हणजे कुणाचं उजवं

उजवं आणि डावं हे दोन शब्द ज्यानं कुणी काढले, तो मला भेटला तर मी त्याला चांगलं सुनावणार आहे. फौजेत मी सहा वर्षं काढली, वाळूत, चिखलात गाड्या दुरुस्त केल्या, पण त्या सहा वर्षांत झाला नाही एवढा मनस्ताप मला ह्या दोन शब्दांनी तीन महिन्यांत दिला. आणि तोही कधी, तर घरात एका बाईच्या जिवाचा प्रश्न होता तेव्हा.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष होत आलं होतं. मी साताऱ्याला भरती झालो होतो, तो आता देवळालीच्या छावणीत सुटकेच्या कागदाची वाट बघत बसलो होतो. आमचं गाव तासगावच्या अलीकडं, मिरजेपासून चौदा मैल. घरात आम्ही तिघंच, थोरले दादा, वैनी आणि मी. दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, मला वाढवलं ते दादांनी. त्यांची पिठाची गिरणी होती, डिझेलच्या इंजिनावर चालणारी, आणि त्या एका सिलिंडरच्या इंजिनावर त्यांचा एवढा जीव, की इंजिन म्हटलं की जगातलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता. माझाही माझ्याबद्दल तोच समज होता, हे आता कबूल करतो.

युद्धाच्या आधी दादांनी कोरेगावच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी लहान लॉरी घेतली होती. पुढं दोघांनी बसायचं, मागं लाकडी हौदा. आता अशा गाडीला पिकअप म्हणतात, आमच्या गावात तिला खटारा म्हणायचे. ती पेट्रोलवर चालायची, आणि युद्धात पेट्रोल कुपनावर गेलं. कुपन मिळालं तर पेट्रोल नाही, पेट्रोल आलं तर कुपन संपलेलं. शेवटी लॉरी गोठ्याशेजारी उभी राहिली आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

आता वैनींचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यासाठीच चाललं होतं. त्यांची दोन बाळंतपणं वाया गेली होती. दोन्ही वेळा पोर पायाळू, म्हणजे पाय आधी आणि डोकं मागनं. पहिलं घरात गेलं. दुसऱ्या वेळी दादांनी बैलगाडी जुंपून मिरजेचा दवाखाना गाठायला बघितलं, पण गाडीला पाच तास लागतात, आणि ते पोर वाटेतच गेलं. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दादांना समोर बसवून सांगितलं, पहिली कळ आली की तडक इथं आणायचं, पाच तास लावाल तर ह्या वेळी पोराबरोबर आईपण जाईल. सर्व्हिस मोटार, म्हणजे तेव्हाची प्रवासी बस, दिवसातनं एकदा जायची, तीही दुपारची, तीही गच्च भरून. म्हणून दादांनी ठरवलं की खटारा चालू करायचा. गिरणीला डिझेल मिळतं, तर खटाऱ्यात डिझेलचं इंजिन घालायचं.

कल्पना दादांची, पण तिला पाणी घातलं मी. लष्कराचा जादा झालेला माल तेव्हा पुण्याच्या बाजूला लिलावात निघत होता, त्यात चार सिलिंडरची डिझेल इंजिनंही होती. मला छावणीतनं हलता येईना, म्हणून दादा एकटे जाणार असं ठरलं. मी त्यांना पत्र लिहिलं. इंजिनाला तडा नाही ना बघा, तेल गळतं का बघा, आणि मुख्य म्हणजे उजवं फिरतंय का ते बघा. आठ दिवसांत दादांचं कार्ड आलं. "उजवंच फिरतंय. डोळ्यांनी खात्री केली. घेतलं."

मला वाटलं, चला, घोडं गंगेत न्हालं.

मी सुटून घरी आलो तेव्हा वैनींना सहावा महिना होता आणि इंजिन गिरणीच्या मागं गोणपाटाखाली होतं. इंजिन चांगलं होतं. नावाची पट्टी कुणीतरी उचकटून काढली होती आणि हँडल लावायचं तोंड तुटलं होतं, पण बाकी खणखणीत. दादांनी गावभर सांगून ठेवलं होतं, "आमचा फौजी आलाय, आता बगा." एवढंच नाही, गिरणीच्या शेजारच्या खोलीवर त्यांनी पाटीसुद्धा रंगवून घेतली होती, इथे सर्व प्रकारची इंजिने दुरुस्त केली जातील. अजून एक इंजिन दुरुस्त झालं नव्हतं आणि पाटी तयार! मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मग सुरू झाला डोक्याला ताप. जुनं इंजिन काढायला एक दिवस लागला, नवीन बसवायला अडीच महिने. डिझेलचं इंजिन वजनाला दुप्पट, लॉरीच्या पुढच्या स्प्रिंगच्या कमानी बसल्या आणि तिचं नाक जमिनीला टेकायला आलं. कऱ्हाडजवळच्या मलकापूरला एका लोहाराकडं जुन्या कमानींचे पाटे होते, ते सायकलच्या दांडीला बांधून, सायकल रेल्वेत घालून आणले. नव्या इंजिनाचं तोंड आणि जुन्या गिअरबॉक्सचं तोंड जुळेना, कसं जुळणार? म्हणून मधे एक जाड लोखंडी चकती ओतून घ्यायची ठरली. सांगलीत ओतकामाचा एक लहान कारखाना होता, तिथं चकती ओतली, आणि भोकं दोन सूत सरकली. ती भोकं मी कानशीनं घासून मोठी केली. चार दिवस नुसतं घासणं. बोटांची सालटी गेली.

आणि ह्या सगळ्यात दादा शेजारी स्टूल टाकून बसलेले. "आरं, एवढा आवळू नगं, नट तुटंल." "आरं, तिथं जरा ग्रीस सोड की." "गिरणीच्या इंजिनाला असलं काय लागत न्हाई बघ." मी म्हणायचो, "दादा, ही गिरणी न्हाई. हिला रस्त्यानं जायचंय." ते म्हणायचे, "इंजिन ते इंजिनच की रं." ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं! मी पाना आपटून उठायचो. मग वैनी ताक घेऊन यायच्या आणि आम्हा दोघांकडं बघून म्हणायच्या, "भांडा, भांडा. पोर आल्यावर भांडायला सवड मिळायची न्हाई तुमाला."

आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. हेही पोर पायाळूच होतं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, ही दाखवली की दारात अडवणार नाहीत, सरळ आत घेतील. दिवस भरायच्या पंधरा दिवस आधी येऊन दवाखान्याशेजारच्या धर्मशाळेत राहा, असंही त्या म्हणाल्या. दादांनी चिठ्ठी चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. त्या दिवसापासून ती बंडी त्यांनी धुवायलासुद्धा काढली नाही.

अखेर एका शुक्रवारी सकाळी इंजिन चालू करायचं ठरलं. गाव गोळा झालं. बॅटऱ्या जोडल्या, डिझेलच्या नळीतली हवा काढली, बटण दाबलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं! काळा धूर, पत्र्याचा थरकाप, कोंबड्या पळाल्या, पोरं ओरडली. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलं. मग मी ऐटीत क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

लॉरी मागं गेली.

मला वाटलं, चुकून मागचा गिअर पडला. दुसरा टाकला. लॉरी जोरात मागं गेली आणि शेणाच्या उकिरड्यात जाऊन बसली. मग मागचा गिअर टाकला, तर लॉरी हळूच पुढं आली. माझ्या लक्षात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. इंजिन उलटं फिरत होतं. म्हणजे आता आमच्या खटाऱ्याला पुढं जायला एक गिअर आणि मागं जायला चार! आणि जो एक पुढचा होता, तो एवढा सावकाश, की शेजारनं चालणारी म्हैस पुढं गेली असती.

गाव हसलं. हसणारच. कुणीतरी म्हणालं, "आवं, हे तर वरातीमागून घोडं न्हाई, घोड्यामागनं वरात!"

मी खाली उतरलो आणि सगळ्यांच्या देखत दादांना विचारलं, "दादा, तुमी इंजिन उजवं फिरतंय म्हणून लिवलं हुतं नव्हं?"

"उजवंच फिरत हुतं," दादा म्हणाले. "लिलाववाल्यानं बॅटरी लावून दावलं. मी उभा राहून बघितलं."

"कुठं उभं राहून?"

"कुठं म्हंजे? चाकाच्या बाजूला. इंजिन चाकाकडनंच बघत्यात की."

कपाळ माझं! गिरणीवाला माणूस इंजिन बघतो तो मोठ्या चाकाच्या बाजूनं, कारण त्याचा पट्टा तिकडं असतो. मोटारवाला बघतो पुढनं, हँडलच्या बाजूनं. एका बाजूनं बघितलं की जे उजवं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखं, तेच दुसऱ्या बाजूनं डावं. दादांनी चुकीच्या टोकाला उभं राहून अगदी बरोबर बघितलं होतं. आणि मी त्यांच्या कार्डावर विसंबून इंजिन कुठल्या बाजूला फिरतं हे पुन्हा तपासलंच नाही. फिरता पंखा उजवा की डावा, हे डोळ्याला कळत नाही.

"मी पत्रात लिवलं हुतं," मी ओरडलो, "हँडलच्या बाजूनं बगा म्हणून! साफ लिवलं हुतं!"

दादा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लिवलं असशील."

"काढा ते पत्र. आत्ता काढा."

"हरवलं," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सायकल मारत सांगलीला गेलो. ज्या कारखान्यात चकती ओतली, तिथला म्हातारा फिटर पूर्वी बंदरात कामाला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि तोंडातलं पान थुंकून हसत सुटला. म्हणाला, हे होडीचं इंजिन आहे, होडीत इंजिनं जोडीनं असतात, एक उजवं, एक डावं, म्हणजे होडी सरळ चालते. तुमचं इंजिन जोडीतलं दुसरं. मी घरी येऊन सांगितलं तर दादा म्हणाले, "म्हंजे डावीचा बैल गावला की रं आपल्याला." आमच्याकडं बैल एका बाजूला जुंपायची सवय लागली की दुसऱ्या बाजूला नीट ओढत नाही. उपमा बरोबर होती, म्हणूनच मला जास्त राग आला.

फिटरनं उपायही सांगितला होता. लॉरीचा मागचा आस, म्हणजे मागच्या चाकांचा दांडा, सोडायचा, उताणा करायचा आणि तसाच बसवायचा. मग इंजिन उलटं फिरलं तरी चाकं सरळ फिरतात. दोन दिवसांचं काम. पण मी सांगायचं ते असं सांगितलं, "तुमी केलेला घोळ निस्तरायला आता मागचा आस उताणा करावा लागणार." त्यावर दादा म्हणाले, चालू इंजिन हाय, आणिक काय मोडतोड नगं, इंजिनच परत करून येतो. लिलावातला माल कोण परत घेतंय? ते हट्टाला पेटले, मी त्यांच्यापेक्षा जास्त. पारावर गेलो की लोक दादांना विचारायचे, "काय गिरणीवाले, पीठ दळताय का पिठाचं जोंधळं करताय?" दादा हसून म्हणायचे, "माझंच चुकलं गड्या, येड्यावानी मागनं बघितलं." आणि मी शेजारी मान ताठ करून उभा. चार दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही आणि चार दिवस आस होता तिथंच राहिला. त्या चार दिवसांत तो दोनदा उताणा करून झाला असता.

बुधवारी सकाळी वैनींना कळ आली. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, धर्मशाळेत जायची तयारीही नव्हती.

बैल शेतावर होते. बैलगाडी जुंपून पाच तास. लॉरीचा पुढचा एकमेव गिअर टाकला तर बैलगाडीच्याच चालीनं जाणार, आणि त्या चालीत इंजिनाला वारा लागत नाही, ते दोन मैलांत तापून बंद पडलं असतं. दादा दारात उभे, चेहरा पांढरा फट्ट. मी म्हणालो, "दादा, मागं जायला चार गिअर हायत."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग म्हणाले, "चौदा मैल?"

"चौदा मैल."

हौद्यात गवत टाकलं, वर गादी टाकली. वैनी माझ्या पाठीमागच्या फळीला टेकून बसल्या, तोंड लॉरीच्या शेपटाकडं. शेजारी गावची सुईण, वैनींचा हात धरून. दादा शेपटाशी उभे, रस्ता बघून मला सांगायला, कारण मान मुरगळून मागच्या खिडकीतनं मला गादी, माणसं आणि आभाळाचा तुकडा ह्यापलीकडं काही दिसत नव्हतं. आमचा रस्ता सरळ दक्षिणेला जातो. लॉरीचं तोंड उत्तरेला, तासगावकडं, आणि आम्ही उलटे मिरजेला. दुसरा गिअर टाकला, मग तिसरा.

पहिल्याच वळणावर दादा ओरडले, "उजवीकडं घे, उजवीकडं!" मी उजवीकडं घेतलं आणि लॉरीचं एक चाक चरात गेलं. वैनी किंचाळल्या. दादांचं तोंड दक्षिणेला, माझं उत्तरेला. त्यांचं उजवं ते माझं डावं! पुन्हा तेच! मी मागं वळून ओरडलो, "दादा, कुणाचं उजवं?"

"आरं, उजवं म्हंजे उजवं!"

"तुमचं का माझं?"

"आपलं!" दादा ओरडले.

आपलं! चरातनं गाडी काढताना मला रडू यायचं बाकी होतं. पुढच्या फर्लांगात हाच प्रकार दोनदा झाला. दादा एकदा स्वतःचं उजवं सांगायचे, मग आठवण होऊन माझं सांगायचे, आणि मी तोवर त्यांचं धरून उलटं करायचो. दुसऱ्या वेळी लॉरी बाभळीला घासली. तेवढ्यात वैनींना मोठी कळ आली. ती ओसरली तशा त्या ताठ बसल्या आणि जन्मात कधी बोलल्या नव्हत्या अशा नवऱ्यावर कडाडल्या, "गप बसा तुमी! मेल्या त्या उजव्या-डाव्यानं माझं पोर जाईल! खाली बसा!"

दादा खाली बसले.

"भावजी," वैनी म्हणाल्या, "मी सांगते तसं घ्या. उगवतीला घ्या जरा. हां. आता सरळ."

वैनींचं माहेर माणदेशातलं, उघड्या माळरानातलं. तिथं ना धड रस्ता, ना खुणेचं झाड. माणसं वाट सांगतात ती उगवतीला आणि मावळतीला. उगवत कुणाचीही असली तरी एकच. मी उत्तरेला तोंड करून बसलेलो, सकाळचं ऊन माझ्या उजव्या गालावर लागत होतं, आणि ऊन लागतंय ती उगवत. विचार करायचं कामच राहिलं नाही. "मावळतीला, भावजी. आणखी. म्हस हाय म्होरं, थांबा. गेली. चला." मधेच आवाज बंद व्हायचा, सुईण "सोस गं बाई, सोस" म्हणायची, मी वेग कमी करायचो, आणि मग पुन्हा दात खाऊन आलेला आवाज, "उगवतीला."

वाटेत एक जकात नाका लागला. नाकेदार दांडा आडवा टाकून बाहेर आला आणि लॉरीभोवती फिरला. "गाडी आत येतीया का भाईर चाललीया?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, आत. तो म्हणाला, तोंड तर बाहेर आहे, मी वहीत काय लिहू? मी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. मागनं वैनींनी जी हाळी दिली, ती ऐकून त्यानं दांडा वर केला आणि वहीत काही न लिहिता टोपी काढून बाजूला उभा राहिला. पुढं एका विहिरीवर इंजिनाला पाणी पाजलं, तेवढंच थांबलो. रस्त्याकडंची माणसं हातातली कामं टाकून बघत होती. मला कुणाकडं बघायची सोय नव्हती, तेवढं बरं झालं.

दीड तासात मिरज आली. गावातल्या वळणांवर वैनींचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण चुकला एकदाही नाही. दवाखान्याच्या फाटकातनं लॉरी शेपटानं आत शिरली आणि मी इंजिन बंद केलं. हात स्टेअरिंगला चिकटले होते.

दारावरच्या बाईनं चिठ्ठी मागितली. वैनींना दादांनी एका बाजूनं उचललं होतं, त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. "आतल्या खिशात हाय," ते मला म्हणाले, "काढ रं लवकर." मी त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. दोन कागद हाताला लागले, दोन्ही चार घड्यांचे. एक उघडला, ती चिठ्ठी होती. ती त्या बाईला दिली. वैनींना आत घेतलं, दादा त्यांच्या मागं दारापर्यंत गेले.

दुसरा कागद माझ्या हातात राहिला. त्यावर माझं अक्षर होतं. मी उघडून वाचला.

"इंजिनाला तडा नाही ना ते बघणे. तेल गळते का बघणे. मुख्य म्हणजे उजवे फिरते का तेवढे बघणे. उजवे नसल्यास घेऊ नये." बस्स. एवढंच. हँडल नाही, बाजू नाही, कुठं उभं राहायचं ते नाही. मी लिहिलंच नव्हतं. मनात होतं म्हणून लिहिलं असं धरून चाललो होतो, आणि त्यावर चार दिवस गावासमोर दादांचं तोंड बंद केलं होतं.

पत्र हरवलं नव्हतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशेजारी, रोज, छातीशी होतं. दादांनी ते काढून पारावर एकदा दाखवलं असतं तर गिरणीशेजारच्या माझ्या पाटीखाली कुणी कुत्रंही फिरकलं नसतं. ज्याला इंजिन कुठल्या बाजूनं बघायचं ते सांगता येत नाही, त्याच्याकडं कोण इंजिन आणणार?

मी पत्र होतं तसं घडी घातलं. दादा येऊन बाकावर बसले तेव्हा ते त्यांच्या खिशात परत ठेवलं. त्यांनी माझा हात आत जाताना बघितला. दोघं दाराकडं बघत बसलो.

दुपारी आतनं रडण्याचा आवाज आला. मुलगी. पायच आधी आले होते, पण ह्या वेळी मागनं डोकंही आलं. वैनी वाचल्या. दादा उठले, दोन पावलं चालले, परत आले आणि मला म्हणाले, "आस कवा उताणा करायचा म्हणतूस?" मला हुंदका फुटला तो तेव्हा.

आस उताणा केला. खटारा पुढची बारा वर्षं पुढंच चालला. माझी पाटीही चालली. दादा मरेपर्यंत पारावर हसत सांगत राहिले, "मी येड्यावानी मागनं बघितलं," आणि दर वेळी मला वाटायचं की आता बोलावं, आणि दर वेळी समोर कुणीतरी गिऱ्हाईक बसलेलं असायचं. नंतर तर ते सांगणंही संपलं, कारण सांगणारे दादाच राहिले नाहीत.

परवा पुतणीच्या घरी तिच्या नातवाचं बारसं होतं. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणून जिला सगळं गाव विहिरीची जागा दाखवायला न्यायचं, ती आता आजी झालीय. जेवणं झाल्यावर तिनं सगळ्यांना गोष्ट सांगितली, माझ्या बापानं इंजिन उलटं आणलं, म्हणून मी जन्मायला उलटी गेले. सगळी पंगत हसली. मीही हसलो, आणि हसताना पुन्हा गप्प राहिलो. ह्या वयात, समोर एकही गिऱ्हाईक नसताना!

घरी येऊन हे लिहायला बसलो. पोरी, हे तुझ्यासाठी आहे, पुढच्या बारशाला वाचून दाखव. तुझ्या बापानं इंजिन नीट बघितलं होतं. कुठं उभं राहून बघायचं, ते मी त्याला सांगितलंच नव्हतं.